मानेखालचा जिराफ



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते ते सर प्राणिशास्त्र शिकवायचे, हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. वर्गात कुणी धडाधड उत्तर दिलं की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे : "हे तू पाहिलंस, की वाचलंस?" आजचा विषय निवडताना तो प्रश्न मनात होता. जिराफाबद्दल वाचून बोलणारे उदंड झाले, पाहून बोलणारे फार उशिरा आले. जो तो जिराफाला साक्षीला बोलावत राहिला, पण प्रत्येक वेळी खटला दुसऱ्याच कुणाचा होता.

१४१४ सालची गोष्ट घ्या. बंगालच्या सुलतानाने चीनच्या योंगल सम्राटाला एक जिराफ नजराणा म्हणून धाडला. तो मुळात पूर्व आफ्रिकेतून बंगालला आलेला. चिनी दरबाराने त्याला पाहिलं आणि ठरवून टाकलं, की हा चिलिन, म्हणजे राजा पुण्यवान असला की प्रकट होणारा शुभ प्राणी. त्याचं चित्र काढलं गेलं, त्यावर शेन तू नावाच्या दरबारी सुलेखनकाराने प्रशस्ती लिहिली. ती प्रशस्ती अर्थातच सम्राटाची होती.

तिथून चारशे वर्षं पुढे येऊ. इजिप्तच्या महंमद अली पाशाने फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याला जिराफाची एक कोवळी मादी भेट दिली. सुदानात पकडलेली ही मादी नाईलमार्गे आणि पुढे समुद्रमार्गे १८२६ मध्ये मार्सेयला उतरली. तिच्या दुधाची सोय म्हणून बरोबर गाई होत्या. दुसऱ्या वर्षी तिला पायी पॅरिसला न्यायचं ठरलं. अंतर सुमारे ८८० किलोमीटर. सोबतीला कोण, तर एतियेन जॉफ्र्वा सेंतिलेर, त्या काळचे नामांकित प्राणिशास्त्रज्ञ, वय वर्षं पंचावन्न. वाटेतल्या गावांत माणसांची झुंबड उडाली, पॅरिसच्या बायकांनी केसांचे उंच बुचडे बांधले, आणि मादी मुक्कामाला आली ती तिथल्या राजेशाही वनस्पती उद्यानात.

त्याच उद्यानाच्या आवारात लामार्क राहत होते. १८०९ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी जिराफ उदाहरणादाखल घेतला होता : कोरडा प्रदेश, जमिनीवर गवत नाही, झाडाचा पाला ओरबाडण्यासाठी पिढ्यानपिढ्या ताणत राहिल्याने मान आणि पुढचे पाय लांबले. ही ओळ लिहिली तेव्हा फ्रान्समध्ये जिवंत जिराफ नव्हता. तो दाराशी आला तेव्हा लामार्क ८२ वर्षांचे होते आणि दृष्टी पूर्ण गेलेली होती.

डार्विनची कथा आणखी मजेची. आपल्या शाळेच्या पुस्तकांतून असा समज होतो, की लामार्क आणि डार्विन यांचं भांडणच मुळी जिराफाच्या मानेवरून झालं. प्रत्यक्षात १८५९ च्या पहिल्या आवृत्तीत डार्विन ज्या अवयवाची चर्चा करतात ते जिराफाचं शेपूट. माश्या वारण्याच्या कामाचं इतकं क्षुल्लक साधन निवडीतून कसं घडलं असेल, हा त्यांचा प्रश्न. मान आली ती १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत, आणि तीही सेंट जॉर्ज मिवार्ट यांच्या आक्षेपांना उत्तर देताना. दुष्काळात इतरांपेक्षा इंच-दोन इंच वर पोहोचणारे तगतात, हा तो युक्तिवाद. म्हणजे विज्ञानातली सगळ्यात गाजलेली मान मूळ पुस्तकाच्या पहिल्या पाच आवृत्त्यांत या कामाला जुंपलेलीच नव्हती.

मग ही मान लांबली कशाने? हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही, तेव्हा तो आधी हातावेगळा करते.

उंचावरचा पाला हे उत्तर सोपं वाटतं. पण आफ्रिकेत पाहणी करणाऱ्यांना दिसलं, की माद्या बराच वेळ मान आडवी ठेवून खांद्याच्या पातळीवरचाच पाला खातात. १९९६ मध्ये रॉबर्ट सिमन्स आणि लू स्कीपर्स यांनी म्हणून वेगळी बाजू मांडली. नर मानांनी लढतात, जाड-लांब मानेचा नर जिंकतो, माद्या त्याला मिळतात. मान हे पाल्यासाठीचं साधन नसून शस्त्र आहे. कल्पना आकर्षक होती आणि वर्तमानपत्रांना ती फार आवडली. अडचण एवढीच, की तसं असतं तर नराची मान मादीपेक्षा प्रमाणाने बरीच लांब भरायला हवी, हरणाच्या शिंगांसारखा उघड फरक दिसायला हवा. मोजमापं घेतली तेव्हा तो सापडला नाही. अलीकडे, २०२४ मध्ये, प्राणिसंग्रहालयांतल्या जिराफांची छायाचित्रं मोजून डग्लस कॅव्हनर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की शरीराच्या मानाने उलट माद्यांचीच मान थोडी जास्त लांब असते. त्यांचं म्हणणं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मादीची भूक मोठी, झाडाच्या आत खोलवर तोंड घालायला तिलाच लांब मान लागते.

पाल्याची बाजूही कुणी नुसती तर्कावर सोडलेली नाही. एलिसा कॅमेरॉन आणि योहान दु तोइट यांनी दक्षिण आफ्रिकेत काही झाडांना कुंपण घालून लहान पालाखाऊ प्राण्यांना लांब ठेवलं. एरवी जिराफाला वरच्या फांद्यांवर दर घासाला जास्त पाला मिळायचा, कारण खालचा इतरांनी खाल्लेला असायचा. कुंपणाने लहान प्राणी हटले आणि वरखालचा फरक मावळला. हा प्रयोग २००७ चा, आणि मला तो फार आवडतो. दीडशे वर्षांचा वाद, आणि शेवटी कुणीतरी उठून झाडाला कुंपण घातलं!

माझं मत विचाराल तर मान एका कारणाने लांबली आणि मग तिचे पाच उपयोग निघाले, असंच झालेलं असावं. उपयोग पाहून मूळ कारण सांगता येत नाही. जीवाश्मही एका सरळ रेषेत उभे राहत नाहीत. सगळ्यात जवळचा जिवंत नातलग ओकापी, काँगोच्या दाट जंगलात राहणारा, आखूड मानेचा. विज्ञानाला तो कळला १९०१ मध्ये. सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीचा सॅमोथेरियम, मान जवळपास एक मीटर, ओकापी आणि जिराफ यांच्या मधोमध. आणि या कुटुंबाचा एक मोठा अध्याय आपल्या भूमीत आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत ह्यू फाल्कनर आणि प्रॉबी कॉटली यांना एका अजस्र प्राण्याची कवटी सापडली. फाल्कनर सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख, कॉटली पुढे गंगेचा कालवा बांधणारे अभियंता. १८३६ मध्ये या प्राण्याला त्यांनी शिवथेरियम हे नाव दिलं. मान आखूड, अंग अवाढव्य, डोक्यावर रुंद फाकलेली शिंगं. याच टेकड्यांतून त्यांनी खऱ्या जिराफाच्या जातीचे अवशेषही नोंदवले. आज म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात आपली मुलं जिराफ बघतात तेव्हा तो परदेशचा पाहुणा असतो हे खरं, पण त्याचे भाऊबंद इथे नांदून गेलेले आहेत.

आता मानेच्या आत शिरू. मणके सात, तुमच्याआमच्याइतकेच. फक्त एकेक मणका पंचवीस सेंटिमीटरच्या पुढे. निसर्गाने संख्या वाढवली नाही, लांबी वाढवली. आणि या लांबीची किंमत सगळ्या शरीराला मोजावी लागली आहे.

हिशेब साधा आहे. उभ्या जिराफाचा मेंदू हृदयापासून सुमारे दोन मीटर वर. दोन मीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ नुसता तोलून धरायला जवळजवळ १५० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब लागतो. वर मेंदूत रक्त पोहोचेल तेव्हा त्याला थोडा दाब शिल्लक हवा. म्हणून हृदयाजवळचा सरासरी दाब २०० मिलिमीटरच्या घरात, माणसाच्या दुप्पट. हा आकडा तुमच्या-माझ्या दंडावर दिसला, तर डॉक्टर घरी जाऊ देणार नाहीत.

इतका दाब आणायला हृदय प्रचंड मोठं असणार, असं पुस्तकांतून वर्षानुवर्षं छापलं गेलं. ग्रॅहम मिचेल आणि जॉन स्किनर यांनी प्रत्यक्ष वजनं केली, तर हृदय शरीराच्या अर्धा टक्का निघालं. म्हणजे इतर सस्तन प्राण्यांइतकंच. वेगळेपण आकारात नाही, बांध्यात आहे. डाव्या जवनिकेची भिंत जाड, आतली पोकळी लहान, आणि मान जसजशी वाढते तसतशी ही भिंत जाड होत जाते. माणसाच्या हृदयाची भिंत उच्च रक्तदाबाने अशी जाड झाली, तर ती ताठर होते, हृदय थकतं. जिराफाचं थकत नाही. का, याचा एक धागा २०२१ मध्ये चिनी आणि डॅनिश संशोधकांना सापडला. एफजीएफआरएल-वन नावाच्या जनुकात जिराफाचे म्हणून सात खास बदल आहेत. ते बदल उंदरांत घातले आणि मग औषध देऊन त्यांचा रक्तदाब वाढवायचा प्रयत्न केला. साध्या उंदरांचं हृदय आणि मूत्रपिंडं बिघडली, या उंदरांचं फारसं काही झालं नाही. शिवाय त्यांची हाडं जास्त घट्ट भरली. एकच जनुक हृदयालाही सांभाळतं आणि हाडांनाही, आणि जिराफाला दोन्हींची गरज, हा योगायोग नसावा.

पुढचा प्रश्न पाणी पिण्याचा. पाय इतके लांब, की मानही अपुरी पडते. पुढचे पाय फाकवून किंवा गुडघ्यात वाकवून तो तोंड पाण्याला लावतो. मेंदू एकदम हृदयाच्या दोन मीटर खाली येतो. रक्त कोसळून मेंदूची नस फुटायला हवी, आणि मान झटक्यात वर केली की चक्कर येऊन पडायला हवं. दोन्ही होत नाही. कवटीच्या तळाशी बारीक रोहिण्यांचं एक जाळं आहे, ते रक्ताचा लोंढा विभागून घेतं. मानेतल्या मोठ्या नीलांमध्ये झडपा आहेत, त्या शरीराकडचं रक्त डोक्याकडे उलटं येऊ देत नाहीत. आणि डोकं खाली असताना त्या नीलांमध्येच बरंच रक्त साठून राहतं. त्यामुळे हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि दाब आपोआप उतरतो.

पायांची गोष्ट उलटी. तिथे रक्ताचा स्तंभ खाली लोंबतो, दाब भयंकर; पावलं सुजून भोपळा व्हायला हवीत. पण जिराफाच्या पायाची कातडी आणि तिच्या आतला पडदा इतका आवळलेला असतो, की व्हेरिकोज व्हेन्सच्या रुग्णाला डॉक्टर घट्ट मोजे घालायला सांगतात तसा तो पाणी साचू देत नाही. अवकाशयात्रींच्या शरीरात गुरुत्वाकर्षण बदललं की रक्त कसं सरकतं, याचा अभ्यास करणारे ॲलन हार्जेन्स आणि त्यांचे सहकारी म्हणूनच १९८० च्या दशकात जिराफांचे दाब मोजत होते.

आणि इतक्या कसबी रचनेत एक धडधडीत गैरसोयही आहे. मेंदूकडून स्वरयंत्राकडे जाणारी एक चेता सरळ न जाता छातीत उतरते, महारोहिणीला वळसा घालते आणि पुन्हा वर येते. माशासारख्या पूर्वजांच्या शरीरात ती वाट सरळ होती. मान लांबत गेली, तिढा तसाच राहिला. जिराफात ही चेता चार मीटरहून लांब जाते, जिथे थेट अंतर हातभरही नाही. कुणी नव्याने आराखडा काढला असता तर असली वाट आखली नसती. या चेतेवर बोट ठेवून काहींनी सांगितलं, की जिराफ मुका आहे. त्याकडे नंतर येते.

इथवर मी सांगितलं ते बहुतेक मेलेल्या, गुंगीतल्या किंवा कल्पनेतल्या जिराफाविषयी होतं. जिवंत, चालताबोलता जिराफ दिवसभर काय करतो, हा साधा प्रश्न घेऊन आफ्रिकेत जाऊन बसलेली पहिली व्यक्ती २३ वर्षांची एक मुलगी होती.

अ‍ॅन इनिस, लग्नानंतर डॅग. टोरांटोची. लहानपणी शिकागोजवळच्या प्राणिसंग्रहालयात तिने जिराफ पाहिला आणि तो मनातून गेला नाही. विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकली, सुवर्णपदक मिळवलं, पण जिराफ कुणी शिकवत नव्हतं, कारण कुणाला काही माहीत नव्हतं. आफ्रिकेत राहायची सोय व्हावी म्हणून तिने पत्रं धाडली. बाईसाठी हे काम नाही, असे नकार आले. मग दक्षिण आफ्रिकेतल्या अलेक्झांडर मॅथ्यू या शेतमालकाला लिहिताना सही केली 'ए. इनिस' अशी. ते समजले, कुणी तरुण मुलगा असेल, आणि त्यांनी बोलावलं. बोटीने आफ्रिका गाठल्यावर खरं कळलं, तेव्हा त्यांनी आधी नाही म्हटलं, मग तिच्या चिकाटीपुढे मान तुकवली. क्रूगर अभयारण्याजवळच्या त्यांच्या मळ्यावर गुरं होती, संत्री-लिंबांच्या बागा होत्या आणि मोकळे हिंडणारे जिराफ होते. १९५६ हे साल. जेन गुडॉल चिंपांझींकडे पोहोचल्या त्याला अजून चार वर्षं होती.

तिने एक जुनी फोर्ड प्रिफेक्ट गाडी घेतली. गाडीत बसलं तर जिराफ बिचकत नाहीत, पायी उतरलं की पळतात, हे लवकरच ध्यानात आलं. मग भर उन्हात तापलेल्या पत्र्याखाली बसून ती तासन् तास लिहीत राहिली. कोणता जिराफ, कोणतं झाड, किती वेळ, कुणाशेजारी. कुठली झाडं खातात याची यादी केली, चाल चित्रित केली. जिराफ चालताना एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम टाकतो, धावताना मात्र चाल बदलते; पुढे तिची डॉक्टरेट अशा चालींवरच झाली. नर नरांवर चढतात हेही तिने पाहिलं आणि लिहून ठेवलं, ज्या काळी असल्या गोष्टी वहीत आल्या तरी छापून येत नसत. १९७६ मध्ये ब्रिस्टल फॉस्टर यांच्याबरोबर लिहिलेला तिचा जिराफावरचा ग्रंथ पुढच्या प्रत्येक अभ्यासकाने हाताशी ठेवला.

त्याआधी, १९७२ मध्ये, गेल्फ विद्यापीठाने मात्र तिला कायमची नोकरी नाकारली. शोधनिबंध पुरेसे होते, विद्यार्थी खूश होते. तिने दाद मागितली, उपयोग झाला नाही. जिराफांवरचं नवं संशोधन तिथे थांबलं. तिने बायकांवर विद्यापीठांत होणाऱ्या अन्यायाविषयी लिहिलं, पुस्तकामागून पुस्तकं लिहिली. २०१० च्या सुमारास प्राणिसंग्रहालयांत जिराफ सांभाळणाऱ्यांनी तिला शोधून परिषदेला बोलावलं, तेव्हा तिला कळलं की तिचा ग्रंथ या मंडळींच्या उशाशी असतो. २०१९ मध्ये विद्यापीठाने रीतसर माफी मागितली. २०२४ मध्ये, ९१ व्या वर्षी, डॅगबाई गेल्या. मधली चाळीस वर्षं त्या आफ्रिकेत काम करत राहिल्या असत्या तर आज जिराफाविषयी आपल्याला किती जास्त ठाऊक असतं, याचा हिशेब कोण करणार?

कारण त्या मधल्या काळात पुस्तकांत जिराफाविषयी एक वाक्य छापलं जात राहिलं : याला पक्का समाज नाही, कळप जमतो आणि विखुरतो, कुणाचं कुणाशी नातं नाही. सकाळी आठ जण एकत्र, दुपारी पाच, संध्याकाळी भलतेच अकरा. वरवर पाहणाऱ्याला गर्दीच दिसणार. ओळखायची सोय झाली तेव्हा चित्र पालटलं. जिराफाच्या अंगावरची नक्षी आपल्या बोटांच्या ठशांसारखी वेगळी असते आणि जन्मभर बदलत नाही. टांझानियातल्या तारंगिरे परिसरात मोनिका बाँड आणि डेरेक ली यांनी जिराफांची छायाचित्रं काढून संगणकाकडून ही नक्षी जुळवून घेतली, आणि हजारो जिराफ एकेकटे ओळखता येऊ लागले. मग दिसलं, की माद्यांच्या ठरलेल्या मैत्रिणी असतात. कळप फुटतो, पण त्याच दोघीतिघी पुन्हा पुन्हा शेजारी चरताना सापडतात. २०२१ मध्ये त्यांनी याहून पुढचं दाखवलं : निदान तीन इतर माद्यांच्या सोबतीने वावरणाऱ्या मादीची जगण्याची शक्यता एकट्यादुकट्या मादीपेक्षा जास्त, आणि हा फरक झाडाझुडपांच्या किंवा माणसाच्या वस्तीच्या जवळ-लांब असण्यापेक्षाही ठळक. आणखी एक गोष्ट त्यांना आढळली. पिल्लं असलेले कळप मसाई पशुपालकांच्या वाड्यांजवळ जास्त दिसतात. कारण उघड आहे. सिंह आणि तरस तिथे फिरकत नाहीत.

पिल्लाचं आयुष्य म्हणजे आधी हीच धास्ती. पंधरा महिने पोटात राहून ते जगात येतं ते उभ्या आईच्या पोटातून, दीड-दोन मीटरवरून जमिनीवर आदळत. जन्मताच उंची सहा फुटांच्या आसपास, डोक्यावरची इवली शिंगं चपटी मिटलेली, अजून हाडाला न जोडलेली. तासाभरात उभं राहतं. आणि सिंह असलेल्या प्रदेशांत निम्म्याहून जास्त पिल्लं वर्ष पुरं करत नाहीत. पहिले काही दिवस आई त्याला एकटं लपवते, नंतर पिल्लं एकत्र ठेवली जातात, एखादी मादी जवळ थांबते आणि बाकीच्या चरायला, पाण्याला लांब जातात. आपल्याकडे शेतावर जाणाऱ्या बायका याच रीतीने पोरं सांभाळत आल्या.

२०१० मध्ये केनियातल्या सोयसांबूमध्ये झो मुलर यांनी एक प्रसंग पाहिला. जन्मापासून पाय अधू असलेलं एक पिल्लू मेलं. त्याच्याभोवती सतरा माद्या जमल्या, अस्वस्थ, सारख्या कलेवराकडे येत-जात. आई तर पुढचे काही दिवस त्या जागेपासून लांब जायला तयार नव्हती. याला शोक म्हणावं का? मी म्हणणार नाही, कारण जिराफाच्या मनात काय असतं हे मला सांगता येत नाही. पण ज्याचं कुणाशी नातं नाही, असं ज्या प्राण्याविषयी आपण छापत होतो, त्याच्या सतरा माद्या तिथे का थांबल्या, याचं उत्तर त्या जुन्या वाक्यात नाही. मुलर यांनीच पुढे स्टीफन हॅरिस यांच्याबरोबर चारशेच्या वर शोधनिबंध तपासून मांडलं, की जिराफाच्या माद्या वीण थांबल्यानंतरही आयुष्याचा बराच मोठा भाग, तीस टक्क्यांपर्यंत, जगतात. हत्तिणींत आणि काही देवमाशांत जशा आज्या कळपाच्या कामी येतात तशा याही येत असतील काय, असा त्यांचा प्रश्न आहे. तो अजून प्रश्नच आहे. सिद्ध व्हायला तीन पिढ्या ओळखीच्या जिराफांकडे बघत बसावं लागेल.

नरांचा संसार वेगळा. तरुण नर टोळ्यांनी हिंडतात, वय वाढलं की एकटे पडतात, अंगावरचे डाग काळपट होत जातात. लढाई मानेची : दोघे शेजारी पाय रोवून उभे राहतात, मान मागे नेतात आणि डोकं समोरच्याच्या पोटावर, पायांवर, मानेवर आणून आदळतात. नराच्या कवटीवर आयुष्यभर हाडाचे थर चढत राहतात, त्यामुळे म्हाताऱ्या नराचं डोकं गाठी-उंचवट्यांनी भरलेलं आणि जडशीळ असतं. टोला बसला तर अवाढव्य देह कोलमडू शकतो. बऱ्याचदा मात्र प्रकरण ढकलाढकलीवर मिटतं. मादी माजावर आहे की नाही हे नर कसं ओळखतो, ते सभ्य सभेत सांगावं की नाही असा क्षणभर विचार केला, पण सर असते तर त्यांनी नक्की सांगितलं असतं. नर मादीच्या पार्श्वभागाला नाकाने ढुशी देतो. तिची मर्जी असेल तर ती मूत्र सोडते, तो ते तोंडात धरतो, वरचा ओठ मुडपून चव घेतो. बहुतेक खुरधारी प्राणी जमिनीवरच्या मूत्राचा वास घेतात. जिराफाला इतकं खाली वाकणं सिंहाच्या देशात परवडणारं नाही.

तीच गत झोपेची. प्राणिसंग्रहालयात मोजली तेव्हा दिवसाकाठी साडेचार तासांच्या आसपास भरली. त्यातली गाढ झोप म्हणजे बसून, मान मागे वळवून डोकं पुठ्ठ्यावर टेकवलेली काही मिनिटं.

आणि मुकेपणाचं काय झालं? अँजेला श्टोगर आणि सहकाऱ्यांनी बर्लिन, कोपनहेगन आणि व्हिएन्नाच्या प्राणिसंग्रहालयांत ९४७ तासांचं ध्वनिमुद्रण केलं. ते ऐकताना रात्रीच्या फितींवर एक गुणगुण सापडली, सुमारे ९२ हर्ट्झची, सलग आणि लांब. माणसाला ऐकू येईल अशीच, फक्त इतकी खालच्या पट्टीतली, की लक्ष द्यायला हवं. २०१५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ती कशासाठी, हे ठरलेलं नाही. रात्री अंधारात एकमेकांचा ठाव घेण्यासाठी असावी, असा एक अंदाज. चार मीटर वळसा घेऊन स्वरयंत्राला पोहोचणारी ती चेता काम मात्र करते आहे.

शेवटी संख्येकडे येते. १९८५ मध्ये आफ्रिकेत दीड लाखाहून अधिक जिराफ होते. २०१५ मध्ये एक लाखाहूनही कमी. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने जिराफाला असुरक्षित ठरवलं, तेव्हा जगाला धक्का बसला. हत्ती-गेंड्यांची मोजदाद चाललेली असताना जिराफ सगळीकडे आहेत असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्याच वर्षी ज्युलियन फेनेसी आणि सहकाऱ्यांनी जनुकं तपासून सांगितलं, की हा एक प्राणी नाहीच, चार आहेत, आणि लाखो वर्षं एकमेकांत मिसळलेले नाहीत. वाद झाला, २०२५ मध्ये संघाच्या तज्ज्ञगटाने चार प्रजाती मान्य केल्या. हे नुसतं कागदावरचं वर्गीकरण नव्हे. २०२५ च्या मोजणीनुसार एकूण सुमारे १,४१,००० म्हटलं की जीव भांड्यात पडतो. फोडून पाहा : दक्षिणेचा सुमारे ६९,०००, मसाई ४४,०००, जाळीदार २१,०००, आणि उत्तरेचा अवघा ७,०००. एकाच बेरजेत हा शेवटचा आकडा दिसत नव्हता.

या उत्तरेच्या जिराफाची पश्चिमेकडची शाखा १९९० च्या दशकात ४९ जिवांवर आली होती. सगळे नायजर देशात, राजधानी नियामेपासून जवळ कुरे गावाच्या आसपास. तिथे अभयारण्य नाही, कुंपण नाही, सिंहही उरलेले नाहीत. बाजरीच्या शेतांत, माणसांत आणि गुरांत हे जिराफ हिंडतात, चवळीवर ताव मारतात, आंब्याचं नुकसान करतात, आणि शेतकरी कुरकुरतात. शिकारीवर कडक बंदी आली, गावांना पर्यटनाचे चार पैसे आणि कर्जं मिळाली, संख्या चढत चढत सहाशेच्या पुढे गेली. सगळे एकाच ठिकाणी असणं धोक्याचं, म्हणून २०१८ मध्ये त्यातले आठ ट्रकमध्ये घालून शेकडो किलोमीटर लांब गादाबेजीच्या राखीव क्षेत्रात नेले. तिथून जिराफ नाहीसा होऊन जवळपास पन्नास वर्षं झाली होती. आता तिथे पिल्लं होऊ लागली आहेत. त्यांची छायाचित्रं निघतात, नक्षीवरून त्यांची नोंद होते आणि कोण कुणाबरोबर चरतं हे लिहून ठेवलं जातं.